चोरलेले मीटर

गेहरीलाल डांगीने उभ्या जन्मात एकदाच चोरी केली, आणि चोरलं काय, तर मीटर. खिशात घालता येत नाहीत, बाजारात विकता येत नाहीत, बायकोला दाखवता येत नाहीत, असला माल. आता तुम्ही म्हणाल, मीटर कसे चोरतात? तेच तर सांगायचंय.

काळा मगरा नावाच्या मेवाडातल्या डोंगराच्या पोटातल्या जस्ताच्या खाणीत तेव्हा दोन बाजूंनी एक रस्ता खोदत होते. पूर्वेकडून डंपर उतरायचा लांबलचक उतार, सात पावलं चाललं की एक पाऊल खाली जाईल असा. पश्चिमेकडे शाफ्ट, म्हणजे उभी खोल विहीर, तिच्यात माणसांचा पिंजरा वरखाली करायचा. मधे चारशे मीटर दगड. तो फोडून दोन्ही बाजू जोडल्या की हवा इकडून तिकडे वाहणार, आतल्या माणसांची उकड कमी होणार आणि एक वाट बंद पडलीच तर दुसरीने जीव घेऊन निघता येणार. उताराकडच्या टोळीचा मेट गेहरीलाल. मेट म्हणजे आपला मुकादम. आणि शाफ्टकडच्या टोळीचा मेट वरदीचंद, गेहरीलालचा सख्खा व्याही, तिकडच्या बोलीत ब्याईजी. गेहरीलालची सुगना सहा वर्षांपूर्वी वरदीचंदच्या घरात दिलेली.

इथेच घोळ आहे. मेवाडात मुलीच्या बापाने व्याह्यापुढे कसं वागायचं हे ठरलेलं असतं. तो आला की उठून उभं राहायचं, तो बसल्याशिवाय बसायचं नाही, तो बोलला की हसायचं. ठीक आहे, लग्नाकार्यात चालून जातं. पण गेहरीलालचा व्याही रोज सकाळी सहा वाजता हजेरीच्या खिडकीपाशी भेटायचा! नोकरीत गेहरीलाल चार वर्षांनी जुना, पण रांगेत मागे सरकायचा तोच. वरदीचंद हेल्मेट डोक्यावर चढवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "ब्याईजी, मुलीकडच्यांना मान खाली घालून चालायची सवय असते, खाणीत बरी उपयोगी पडते हो!" रांग हसायची. गेहरीलालही हसायचा. घरी गेल्यावर मात्र तो भाकरी अशी तोडायचा की बायको विचारायची, आज कुणाचा गळा धरलाय?

आणि वर ती मिलणी. लग्नात वरात दारात आली की दोन्हीकडचे वडीलधारे गळाभेट घेतात, ती मिलणी. खाणीतल्या लोकांनी ती उचलून बोगद्यात नेली. दोन बाजूंनी येणारे बोगदे भेटायच्या वेळी ज्याच्या मशीनची सळई आधी आरपार जाईल तो नवरदेवाकडचा, दुसरा नवरीकडचा. नवरीकडच्या मेटाने त्या भोकातून गुळाचा खडा द्यायचा, "पधारो सा" म्हणायचं आणि दोन्ही टोळ्यांना दाल-बाटी-चूरमा खाऊ घालायचा. ही रीत कुणी सुरू केली कुणाला ठाऊक नाही, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती. गेहरीलालने तेवीस वर्षांत चार मिलण्या पाहिल्या होत्या आणि चारही वेळा तो गूळ देणाऱ्यांत होता.

"या खेपेला तरी," तो हकीमभाईला म्हणाला होता. हकीमभाई त्याच्या टोळीतला ड्रिलवाला, पोट सुटलेला, जीभ त्याहून सुटलेली.

"या खेपेला काय? तुमच्या ब्याईजींच्या हातचा गूळ खायचाय?"

"हातचा नाही. वाकून दिलेला."

"मग तर मी रोजा सोडायला खजूर नाही, तोच गूळ घेईन," हकीमभाई म्हणाला.

पण मधे एक नियम आडवा येत होता. दोन बोगद्यांमधे नऊ मीटर दगड उरला की एका बाजूचं काम बंद करायचं, माणसं-मशीन काढून घ्यायची, वाट अडवायची, आणि पुढे फक्त एकाच बाजूने सुरुंग लावायचे. साधं कारण आहे. एकीकडून बार उडाला आणि मधली भिंत पातळ असली, तर पलीकडे उभ्या माणसांच्या अंगावर ती भिंतच जाते. नऊ उरले की कुणाला थांबवायचं हे मॅनेजरसाहेब त्या दिवशी ठरवणार होते. उतारावरच्या चहावाल्याकडे बातमी होती की उतारवाल्यांना थांबवणार. शाफ्टवरच्या चहावाल्याकडे बातमी होती की शाफ्टवाल्यांना थांबवणार. चहावाले दोन, बातम्या दोन, आणि भीती दोन्ही व्याह्यांना सारखीच.

किती उरलं हे कागदावर ठरायचं, आणि कागद होता चारुल आमेटाकडे. चारुल खाणीची सर्व्हेयर, सत्तावीस वर्षांची मुलगी. खाणीत बायकांना उतरायची परवानगी मिळाल्यावर आलेल्या पहिल्या तिघींपैकी एक. सगळे तिला बाईसा म्हणायचे. रस्ता तिनेच कागदावर आखला होता. पाच मीटर रुंदी, कमानदार छत, कडेने पाण्याची नाली, ठरावीक अंतरावर माणसाला डंपरपासून बाजूला उभं राहता येईल अशी बगल. पहिल्या आराखड्यात रस्ता सुतासारखा सरळ होता. गेहरीलालने तो कागद पाहिला आणि मान हलवली.

"बाईसा, इथून नेऊ नका. दोनशे मीटरच्या पुढे दगड कुजका आहे. पहार लावली की पापुद्रे निघतात. छत धरणार नाही."

"कशावरून, गेहरीजी?"

"वरच्या थरात मी तिथे दोन वर्षं काढलीत. रोज त्याचा आवाज ऐकलाय."

एखादा साहेब असता तर म्हणाला असता, नमुने काढू, तपासू, बघू. चारुलने रात्रभर जागून रस्त्याला वळण दिलं, डंपर फिरेल एवढं मोठं, आणि वळणामुळे काम वाढलं म्हणून मॅनेजरच्या चार गोष्टी ऐकून घेतल्या. तेव्हापासून गेहरीलाल तिच्यासाठी जीव टाकायचा. तिने छताला खिळे मारून दोन ओळंबे टांगलेले असायचे. मागे उभं राहून एक डोळा मिटायचा, दोन्ही दोऱ्या एकात एक मिसळल्या की त्यांच्या रेषेत पुढे फेसवर, म्हणजे बोगदा जिथे संपतो त्या दगडी भिंतीवर, रंगाचा ठिपका द्यायचा. तिथे रस्त्याचा मध्य. गेहरीलाल हे काम देवाला टिळा लावावा तसं करायचा आणि त्याचा ठिपका बोटभरही हलायचा नाही.

बाईसा स्वतः पंधरवड्याला एकदा यंत्र लावून दोन्हीकडचं माप घ्यायची. मधल्या दिवसांत मेट सांगेल ते. बार उडाला, माल उपसला, की मेटाने भिंतीवरच्या शेवटच्या खुणेपासून टेप लावायची आणि पाळी संपताना खिडकीवर आकडा सांगायचा. ती लिहून घ्यायची, सही करायची. मेटाच्या आकड्यावर शंका घेणं म्हणजे पुजाऱ्याला विचारणं, दिवा खरंच लावलास का?

तर तिच्या शेवटच्या मापाला मधे एक्केचाळीस मीटर दगड होता. त्यानंतर गेहरीलालने बार उडवला, तीन मीटर दगड सुटला, आणि खिडकीवर जाऊन तो म्हणाला, "दोन."

इतकंच. तोंडातून दोन निघालं आणि एक मीटर चोरीला गेला.

हिशोब साधा होता. कागदावर नऊ यायच्या आत खरं अंतर चारवर आणायचं. हकीमभाईच्या मशीनची सळई चार मीटर जाते. एके दिवशी सकाळी भोक पाडता पाडता ती पलीकडे निघेल, आणि मग मॅनेजर काय आणि नियम काय, मिलणी झालेली असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी चारुलने पेन थांबवलं.

"गेहरीजी, तीन सुटायचे ना? दगड एकदम कठीण झाला?"

"कठीण झालाय बाईसा. बार ओढतच नाही."

"आणि डंपरच्या खेपा तर तेवढ्याच आहेत."

"छत जास्त सुटलं," गेहरीलाल म्हणाला. तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. दगडाबद्दल गेहरीजी सांगतात म्हणजे असेल, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याला तिथून पळावंसं वाटलं. पण पळाला नाही. चौथ्या दिवशीही दोन, पाचव्या दिवशीही, सहाव्या दिवशीही.

सहा बारांनंतर वरदीचंदकडचे आकडे मिळवून कागदावर सोळा मीटर उरले होते. गेहरीलालच्या डोक्यात दहा. दहा म्हणजे नऊच्या वर, नियम अजून मोडला नाही, असं तो स्वतःला बजावायचा. आजचा बार उडाला की सात राहतील. दोन वाजता शाफ्टवाल्यांचा बार झाला की चार, आणि तोवर आपली पाळी सुटलेली असेल, इकडे कुणी नसेल. सात मीटर दगड म्हणजे चितोडगडाची भिंत, त्यातून कुणाला काय होतंय? उद्या सकाळी मिलणी. त्याने बायकोला सांगून नवा साफासुद्धा काढून ठेवला होता. अहो, पन्नाशीचा माणूस!

त्या दिवशी साडेदहापर्यंत भोकं पाडून झाली. मशीन मागे घेतली. ब्लास्टर नवलाने भोकांत दारू भरली, तारा जोडल्या आणि दोनशे मीटर मागच्या बगलेत जाऊन बसला. बारा वाजता बार. गेहरीलाल नेहमीप्रमाणे शेवटची नजर टाकायला फेसपाशी एकटाच थांबला. मशीन बंद असली की आत फार शांत असतं. आणि त्या शांततेत दगडातून आवाज येत होता. घर्रर्र. शाफ्टवाल्यांचं ड्रिल चालू होतं.

तसा आवाज तर चार दिवसांपासून येत होता. दगडातल्या आवाजाचा भरवसा नसतो, हे खाणीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लांबचा जवळ वाटतो, डावीकडचा उजवीकडे वाटतो. गेहरीलालने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने दिवा खाली वळवला तर फेसच्या पायथ्याशी उजव्या कोपऱ्यात एका चिरेतून पाणी पाझरत होतं.

पाणी काय, खाणीत कुठेही गळतं. पण हे पांढुरकं होतं. त्याने बोट लावलं आणि अंगठ्यावर चोळलं. दगडाचं पीठ. ड्रिलच्या भोकातून निघतं तसलं, ताजं, दळल्यासारखं. त्यांची स्वतःची मशीन तर तासाभरापूर्वीच बंद झाली होती.

तेवढ्यात पलीकडचं ड्रिल थांबलं. सळई बदलत असतील. गेहरीलाल उकिडवा बसून बघत राहिला. चिरेतली धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली. मिनिटाभराने घर्रर्र पुन्हा सुरू झालं, आणि थोड्या वेळात पाणीही.

"दहा मीटर," तो मोठ्याने म्हणाला. "दहा मीटरांतूनही येऊ शकतं. चीर लांब असेल."

आणि म्हणता म्हणता त्याला परवाची नोंदवही आठवली. खिडकीवर सही करताना त्याने सहज वरची ओळ वाचली होती. शाफ्ट बाजू, वरदीचंद: दोन मीटर. शेरा: दगड कठीण. त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं, की ब्याईजींचंही काम अडतंय. पण आता? कुठला कठीण? शाफ्टकडचा दगड तर लोण्यासारखा! गेली आठ वर्षं तिथले मेट तीनच्या खाली कधी आलेच नाहीत. आणि आपण तरी खिडकीवर काय सांगत होतो? तेच दोन शब्द.

म्हणजे ब्याईजीही.

म्हणजे त्यालाही गूळ द्यायचा नव्हता. म्हणजे डोक्यातले दहा हे दहा नव्हतेच. मग किती? त्याला कळेना. सहा? चार? या भिंतीत आता चाळीस भोकं दारूने भरलेली होती आणि भिंतीच्या पलीकडे हात टेकून माणसं उभी होती.

तो मागे धावत सुटला. नवला तारांची टोकं हातात धरून बगलेत बसला होता.

"तारा सोड! सोड आधी! टोकं एकमेकांना बांध आणि बाहेर चल!"

"काय झालं मेटजी? बारा वाजायला दहाच मिनिटं..."

"बारा गेले तेल लावत! सोड म्हणतो ना!"

फोन पुढच्या बगलेत भिंतीला टांगलेला होता. गेहरीलालने शाफ्टकडचा नंबर फिरवला. कुणीतरी उचलला, मशीन थांबवली, ब्याईजींना हाक मारली. तेवढ्या अर्ध्या मिनिटात गेहरीलालच्या मनात काय काय आलं, खोटं कशाला बोलू, तुम्हाला सगळं सांगतो. त्याच्या मनात आलं की नुसतं म्हणावं, आमची तार खराब झाली, आज बार नाही, तुम्ही बाहेर या. मग निवांत काहीतरी जुळवता येईल. पण दोन वाजता त्यांचा बार होता. आणि किती उरलंय हे त्या दोघांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय जगात कुणालाच कळणार नव्हतं.

"बोला उतारवाले!" वरदीचंदचा आवाज आला. "बार उडवायला माझी परवानगी हवीय का?"

"ब्याईजी, तुम्ही किती चोरलेत?"

"काय?"

"मीटर. किती चोरलेत?"

"गेहरीलालजी, तोंड सांभाळून! भरदिवसा भांग घेतलीत का? व्याह्याला चोर म्हणता?"

आयुष्यभर या आवाजापुढे त्याची मान आपोआप खाली गेली होती. आताही गेली. पण बोलणं थांबलं नाही.

"मी सहा चोरलेत," तो म्हणाला. "सहा बार, सहा मीटर. तीन सुटले, दोन सांगितले. तुमच्या हातचा गूळ खायचा होता मला. आता तुमचे सांगा."

पलीकडे कुणीतरी मधेच काही विचारलं, वरदीचंदने त्याला दटावलं.

"ब्याईजी, तुमचं पाणी माझ्या फेसमधून गळतंय. तुमची मशीन थांबली की थांबतंय. माझी चाळीस भोकं भरलेली आहेत. सांगा हो!"

"पाच," वरदीचंद म्हणाला.

सोळातून अकरा गेले. उरले पाच. ही वजाबाकी दोघांनी एकाच वेळी केली.

"माणसं काढा," गेहरीलाल म्हणाला.

"काढतो," वरदीचंद म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसासारखा वाटला.

दुपारी तीनपर्यंत दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या, दोन्हीकडे पहारे बसले, आणि ऑफिसबाहेरच्या लिंबाखाली एका बाकावर दोघे व्याही बसले. आतून मॅनेजरचा आवाज येत होता, तो काय बोलत होता ते लिहिण्यासारखं नाही. वरदीचंदने विडी काढली, पेटवली नाही, तशीच बोटांत फिरवत राहिला.

"तुम्ही फोन केलात ते बरं केलंत," तो म्हणाला.

गेहरीलालने हेल्मेट काढून बाकावर ठेवलं.

"एक सांगतो, पोटात ठेवा. तुमचं पाणी मला काल दुपारीच दिसलं होतं. माझ्या फेसमधे. पिठाळ, चिरेखाली साचलेलं."

"काल?"

"काल. बार भरून झाला होता. मी म्हटलं, चीर असेल. आणि म्हटलं, फोन केला तर तुम्हाला सांगावं लागेल. तुम्हाला." त्याने विडी मोडली. "मग उडवला."

काल दुपारी दोनच्या सुमाराला गेहरीलाल आणि हकीमभाई पाळी संपल्यावरही फेसपाशी होते, आजची भोकं कुठे घ्यायची त्याचे ठिपके देत. एकदम धक्का बसला होता, छताच्या जाळीत खडे खळखळले होते, आणि हकीमभाई म्हणाला होता, तुमच्या ब्याईजींची पादण्याची सवय गेली नाही. दोघे हसले होते. तेव्हा मधे आठ मीटर होते आणि धूर बसल्यावर पाच.

गेहरीलालला राग आला. या माणसाने पाणी पाहिलं आणि बार उडवला! पण मग त्याला आपलं "चीर लांब असेल" आठवलं. तेच तर तोही फेसपुढे बसून म्हणाला होता. पाणी थांबलं नसतं, वहीतली ती ओळ आठवली नसती, तर बारा वाजता त्यानेही उडवला असता. राग कुणावर काढायचा तेच त्याला कळेना.

"घरातली गोष्ट घरात राहू द्या," वरदीचंद हळूच म्हणाला. "आज कळलं, दोघांनाही आजच कळलं. सुगना आमच्याकडे नांदतेय, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

धमकी म्हणावी तर धमकी नव्हती. विनंती म्हणावी तर तीही नव्हती. आणि आतून हाक आली.

चारुल टेबलावर आराखडा पसरून बसली होती. रोजच्या आकड्याची एक बारीक लाल रेघ, आणि प्रत्येक रेघेशेजारी तिची सही. अशा बारा सह्या. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नव्हता हलत.

"या माझ्या सह्या आहेत," ती म्हणाली. "आज चार माणसं मेली असती, आणि मी सांगितलं असतं की सोळा मीटर होते. शपथेवर सांगितलं असतं."

तिने आराखड्यातल्या वळणावर बोट ठेवलं.

"गेहरीजी, तुमच्या शब्दावर मी रस्ता वळवला होता."

"दगडाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो, बाईसा," गेहरीलाल कळवळून म्हणाला. "तिथे खरंच कुजका आहे. देवाशप्पथ."

"ते मला आता कसं कळणार?"

सहा मीटर त्याने आज परत केले होते. पण तेवीस वर्षांत जे कमावलं होतं ते परत आणायला कुठला फोन नव्हता.

तिने कोरा कागद ओढला. "पहिल्यापासून लिहिते. पाणी कधी दिसलं? गेहरीजी?"

"आज. साडेअकराच्या सुमाराला."

"वरदीचंदजी?"

"आजच," वरदीचंद म्हणाला. "यांनी फोन केल्यावर बघितलं."

चारुलने लिहायला सुरुवात केली. अजून ती मेटांचं ऐकून लिहीतच होती, दुसरं करणार तरी काय? गेहरीलाल पेनाकडे बघत होता. त्याला सुगना दिसली, चुलीपाशी, डोक्यावरचा पदर सावरत. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. सातवा मीटर आपोआप चोरीला जात होता.

"थांबा बाईसा," तो म्हणाला. "काल."

पेन थांबलं.

"ब्याईजी, काल म्हणालात ना मला बाहेर? काल दुपारी, बार उडवायच्या आधी."

वरदीचंदने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भर मांडवात त्याची पगडी उडवली. चारुलने विचारलं, "खरं?" आणि वरदीचंदची मान हलली. त्याची मेटकी वाचायची उरलीसुरली आशा त्या एका हलण्यात गेली, हे तिघांनाही कळलं. गेहरीलालची तर आधीच गेली होती. वरदीचंदने सही केली, खुर्ची मागे सरकवली आणि रामराम न करता निघून गेला.

गेहरीलाल फाटकाबाहेर आला. पाचची बस अजून आली नव्हती. वरदीचंदची मोटारसायकल केव्हाच गेली होती, त्याच्या गावापर्यंत अर्धा तास. त्याने सुगनाला फोन लावला. सासरा घरी पोचायच्या आत तिला कळायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्याने सगळं सांगितलं. सहा, पाच, पाणी, काल. स्वतःला वाचवून एकही शब्द बोलला नाही. "तुझ्या सासऱ्याची मेटकी माझ्यामुळे गेली बेटा," तो म्हणाला. "आता तुला ऐकून घ्यावं लागेल. हवं तर मी आजच न्यायला येतो."

मागे कुठेतरी तिचं पोर रडत होतं.

"तुम्ही दोघं धड आहात ना?"

"आहोत."

"हकीमकाका?"

"तोही."

"बापू, माझ्या लग्नात तुम्ही बाटी कच्ची राहिली म्हणून हात जोडत फिरत होतात आणि सासरे खुर्चीवरून उठत नव्हते. मी आत बसून ऐकत होते. सहा वर्षं झाली. मला दोन पोरं झाली. आणि तुम्ही दोघं अजून माझं लग्नच लावताय?" तिचा आवाज फुटला. "जमिनीखाली जाऊनसुद्धा?"

गेहरीलालने फोन कानाशी घट्ट धरला आणि रस्त्याकडे पाठ केली, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.

"न्यायला येऊ नका," ती म्हणाली. "मी कुठे जात नाही. त्यांना काय बोलायचं ते बोलू देत, मग मीही बोलेन."

पलीकडे मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"आले," सुगना म्हणाली आणि फोन ठेवला.